रुमालाखालचा अंदाज

शांतलिंगअप्पांचा हात रुमालाखाली गेला आणि धाराशिवच्या पेठेतले बाकीचे चार बडे व्यापारी रुमालाकडं टक लावून बसले.

रुमालाखाली दुसरा हात होता पाशामियाँचा. पेठेतले सगळ्यात जुने दलाल. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, ही धंद्याची रीत. एक बोट एक रुपया, दोन बोटं दोन. श्रावणात लकवा मारला तशी पाशामियाँची वाचा गेली होती. चाँदपाशानं, त्यांच्या लेकानं, आज त्यांना उचलून दुकानाच्या गादीवर आणून बसवलं होतं.

अप्पांनी विचारलं, "मियाँ, जर्मनीची लढाई काय सरंना. औंदा भुईमुगाची शेंग चढंल का वो?"

दारात बब्रुवान दलाल उभा होता. "मुक्या मानसाला काय इचारता अप्पा? माझ्याकडं या. म्या पेपर वाचतो."

चाँदपाशानं अब्बांच्या पाठीला तक्क्या सरकवला. अब्बा चुकले तर ही गिऱ्हाइकं उद्या बब्रुवानच्या दारात, आणि आपल्या दुकानाला कुलूप.

अप्पा रीत विसरून ओरडले, "दोन! पल्ल्यामागं निजामाचे दोन हाली रुपये चढनार!"

पाचही जण शेंग भरत सुटले. येडशीच्या स्टेशनात पोती ठेवायला जागा उरेना. बाजारात जो तो घेणाराच. महिन्याभरात भाव चढला, तो बरोबर दोन रुपये.

मग पेठेनं पाशामियाँना फेटा बांधला. बब्रुवानही आला, हात जोडून म्हणाला, "चुकलं मियाँ. पेपरवाल्यानंच तुमास्नी इचारून छापावं."

अप्पांनी परत रुमाल टाकला. "अजून चढंल का?"

क्षणभरानं अप्पांची आरोळी आली, "परत दोन!"

व्यापारी पायताणं शोधायलाही थांबले नाहीत. या खेपेला चाँदपाशानं स्वतःसुद्धा शंभर पोत्यांचा इसार देऊन टाकला. त्याची छाती अंगरख्यात मावत नव्हती.

घरी मदिनाबी नवऱ्याला पेज भरवायला बसली, तेव्हा चाँदपाशा सांगत सुटला. "अम्मी, अख्खी पेठ अब्बांच्या बोटांवर चालतीय!"

"चालनारच की," मदिनाबी पदरानं डोळे टिपत म्हणाली. "हकीम म्हनला व्हता, डोस्कं गेलं ह्यांचं. तुमी समदे दुकानात. म्या रोज उशाला बसून बोटांनी बोलतं केलं त्यास्नी. अप्पानं काय इचारलं?"

"शेंग चढंल का, म्हणून."

"मग?"

"दोन्ही खेपेला दोन बोटं दाबली."

मदिनाबीचा हात तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग लेकाकडं.

"आरं लेकरा, एक बोट म्हंजे व्हय. दोन म्हंजे न्हाय."