लांब ओळ

"अगं, दारातच का थबकलीस? पाद्रीबुवा काय खाणार आहेत तुला?" कुस्तावाबाई हसल्या आणि पाद्रीबुवांसाठी आणलेली लोण्याची बुदली मांडीवर घेऊन पाद्रींच्या कचेरीतल्या बाकावर टेकल्या.

लोव्हीसाही हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. दाखला तिच्या लोकरी हातमोज्यात होता आणि तो आज द्यावाच लागणार होता.

या गावात येऊन तिला दोन हिवाळे झाले होते. ती कुस्तावाबाईंच्या गोठ्यात कामाला होती, आणि त्यांचा थोरला, ताह्वो, तिच्याशी लग्न करणार होता. येत्या रविवारी चर्चमध्ये लग्नाची घोषणा व्हायची होती. तो रानात लाकूडतोडीवर, म्हणून तिच्याबरोबर त्याची आईच आली होती. पण आधीच्या गावच्या पाद्रींनी दिलेला वागणुकीचा दाखला इथल्या वहीत चढल्याशिवाय घोषणा कसली! लोव्हीसाने दोन वर्षं तो द्यायचं टाळलं होतं. कधी पेटीची किल्ली सापडत नव्हती, कधी बर्फ फार होतं.

"एवढीशी गोष्ट, आणि हिचं आपलं आज नाही उद्या," बाई म्हणाल्या. "पण माझ्या ढिम्म पोराला तूच सरळ करशील बघ. गायीसुद्धा तुझंच ऐकतात."

बाई असं मायेनं बोलल्या की लोव्हीसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

छापलेलं तिला वाचता यायचं. त्याशिवाय चर्चमध्ये लग्नच लागत नाही. पण हाताने लिहिलेलं, तेही पाद्री-अंमलदारांच्या स्वीडिशमध्ये, ते शिकलेल्यांचं काम. तरी तिने तो कागद कितीदा उलगडला होता! वर तिचं नाव, खाली सही, आणि मधे एक ओळ इतरांपेक्षा चांगली लांब. गोठ्यातल्या पोरीबद्दल एवढं काय लिहायचं असतं? तेच असणार. दुसरं काय!

तिकडच्या म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी दाखला देताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. "जे लिहायचं ते मी लिहिलंय," ते खेकसले होते. "आता तू तोंड बंद ठेव. कागदाला बोलू दे." ते आठवलं की अजून तिचे कान तापायचे.

इथले पाद्री तरुण होते. त्यांनी आत येऊन तिच्याकडून दाखला घेतला, टेबलावर ठेवला आणि ते चष्मा शोधायला लागले. खिशात नाही, खिडकीत नाही.

"कपाळावर बघा," कुस्तावाबाई म्हणाल्या.

पाद्री ओशाळून हसले, चष्मा खाली ओढला आणि कागद उलगडला. त्यांचं बोट ओळीओळीवरून खाली सरकू लागलं. लांब ओळ आता आलीच. हे मोठ्याने वाचणार, बाईंच्या समोर, परक्या माणसाच्या तोंडून बाई ऐकणार!

"थांबा," लोव्हीसा म्हणाली. "त्यात लिहिलंय ते खरं आहे. मीच सांगते."

पाद्रींनी मान वर केली.

"मला मूल झालं होतं, बाई. लग्नाशिवाय. तिकडच्या पाद्रीबुवांनी बाप्तिस्मा दिला आणि लगेच गेलं बिचारं. तुम्हाला रोज सांगणार होते. लाज वाटायची हो, तोंडच उघडायचं नाही."

कुस्तावाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "ताह्वोला ठाऊक आहे?"

"नाही."

"दोन वर्षं माझ्या घरात जेवलीस. मी तुला लेक म्हणून सगळ्या गावात मिरवलं गं!" बाईंचा आवाज फाटला. त्या उठल्या, बुदली टेबलाच्या कडेला ठेवली. "लोणी राहू द्या, पाद्रीबुवा. रविवारचं काही बोलू नका."

"बाई, ऐका तरी..."

दार लागलं. बाहेर घोड्याच्या घुंगरांचा आवाज दूर जात गेला. लोव्हीसा तिथेच उभी राहिली. वर बघायची तिची हिंमत होईना.

"मुली," पाद्री गोंधळून म्हणाले, "हे सगळं तू कशावरून बोललीस?"

तिने कागदावर बोट ठेवलं. "ही ओळ. ही लांब."

पाद्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हळूहळू वाचलं, "'हिला मी लहानपणापासून ओळखतो, हिच्या वागणुकीत कधीही कसलाही दोष आढळला नाही, लग्नास मोकळी आहे.'"