डावी पाकळी

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी वाणीच्या दारात रांगोळी उमटली. आईचीच. तेच सात ठिपक्यांचं कमळ, आणि त्याची डावी पाकळी जुळायची राहिलेली. ती आईला जन्मभर कधी जुळवता आली नाही. यशवंतपूरच्या त्या गल्लीत असं कमळ दुसरं कुणी काढत नसे. तिचे अप्पा न बघताच ओलांडून कामाला गेले. वाणीनं मात्र तिच्यावर पाय पडू दिला नाही.

नऊ दिवस हेच. दहाव्या दिवशी ती अंधारातच उठून दाराशी बसली. बाहेर सडा शिंपडल्याचा आवाज आला, तसं “आई!” म्हणत तिनं दार उघडलं.

उंबऱ्यापाशी शाळेच्या गणवेशात रक्षिता उकिडवी बसून ठिपके मांडत होती. पहिलीपासून एका बाकावर बसणारी रक्षिता.

“तुला कुणी शिकवली ही?”

“काकूंनी. हॉस्पिटलमध्ये, रिपोर्टच्या पाकिटावर. ‘माझ्यामागे वाणीचं दार रिकामं ठेवू नकोस,’ म्हणाल्या.”

वाणी तिच्यासमोर उंबऱ्यावर बसली. म्हणजे आईला ठाऊक होतं. आणि हिलाही, तेव्हापासून.

“मग मला का नाही सांगितलं तिनं?”

रक्षितानं डावी पाकळी तशीच उघडी सोडली.

“तू रोज विचारायचीस ना, ‘आई, घरी कधी येणार?’ त्या म्हणायच्या, ‘सोमवारी.’ तू चहा आणायला खाली गेलीस, की माझा हात धरून रडायच्या.”