चंदेरी रंगाखाली

चारचौघांत त्याला खोटं पाडू नकोस, असं सासूबाईंनी उत्कर्षाला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मेथी निवडता निवडता, अगदी सहज. तिला हसू आलं होतं. खोटं असेल तर पाडायला काय झालं, असंही ती बोलून गेली होती.

आज अक्कलकोट रोडवरच्या जुन्या चाकांच्या दुकानात, चार वर्षांच्या सृष्टीला टायरांच्या ढिगावर बसवून, ती उन्हात उभी होती. नवऱ्याच्या, अजिंक्यच्या, सतरा वर्षं जुन्या व्हॅनच्या चारी चाकांच्या लोखंडी डिस्क गंजून गेल्या होत्या. संध्याकाळी भरलेली हवा सकाळी उतरलेली असायची. त्याच व्हॅनमधून तो रोज अकरा पोरं शाळेत सोडायचा. त्यात सृष्टीही असायची. नव्या डिस्क घेणं झेपणारं नव्हतं. दुकानदार मंजुनाथनं जुन्यातल्याच चार काढून, चंदेरी रंग मारून ओळीनं मांडल्या होत्या. अजिंक्यनं एकेकीला पायानं ढोसलं आणि माल चोख असल्याचं सांगून टाकलं. चाकातलं आपल्याला कुणी शिकवू नये, हेही ऐकवलं. असं पारखी गिऱ्हाईक रोज येत नाही, म्हणून मंजुनाथनं भाव जरा उतरवला.

उत्कर्षा तिसऱ्या डिस्ककडे बघत होती. बाकी सगळीकडे रंग पातळ होता. नटाच्या एका भोकाशी मात्र साय धरल्यासारखा जाड. तिनं खाली पडलेला पाना उचलला आणि प्रत्येकीवर एकेक टोला हाणला. बाकी तीन खणखणल्या. तिसरी बद्द वाजली.

"ही चिरलीय," ती म्हणाली. "चिरेवर वेल्डिंग करून वरून रंग फासलाय."

रंग ओला आहे म्हणून तसा आवाज येतो, असं मंजुनाथचं म्हणणं पडलं. बाकड्यावर दोघं चहा पीत बसले होते. त्यातला एक अजिंक्यला म्हणाला, "मालक, तुमी बसा घरी. पुढच्या टायमाला वैनीलाच धाडा की."

दुसरा हसला. मंजुनाथही हसला. अजिंक्य हसला नाही.

"बीएस्सी हाय आमची बायको," तो म्हणाला. "दाखव. कुठं चिरलीय?"

दाखवायला ती वाकली, तसा त्यानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तोंड डिस्कवर आपटलं. "दिसली का?" पुन्हा आपटलं. "जवळनं बघ. नीट बघ." लोखंड उन्हानं तापलेलं होतं. तिसऱ्या वेळी वरचा ओठ फाटला आणि दात हलला. चहा पिणारे आपापल्या ग्लासात बघत राहिले. दुकानात नको साहेब, एवढंच मंजुनाथ म्हणाला. सृष्टी रडली नाही. अशा वेळी रडायचं नसतं, हे पोर शिकली होती.

आपटण्यानं जाड रंगाचा पापुद्रा उडाला होता. उत्कर्षाच्या ओठाचं रक्त तिथं ओघळलं, भोकापाशी थांबलं आणि आत शिरलं. भोकापासून काठापर्यंत केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली.

अजिंक्यला ती दिसली. त्याची मूठ सुटली.

"ही बाजूला ठेवा. दुसरी काढा," त्यानं मंजुनाथला सांगितलं. आवाज असा, जणू ती चीर त्यानंच शोधली होती. मग खिशातला रुमाल तिच्याकडे फेकला.

मंजुनाथनं चिंधीनं डिस्क पुसली, रंगाचा डबा हलवला आणि वर दोन फवारे मारले.

अजिंक्यच्या व्हॅनला चाकं बसत होती, तेवढ्यात तसलीच एक जुनी व्हॅन येऊन थांबली. धोतर नेसलेले एक म्हातारे उतरले. वळसंग गावचे गुरुसिद्धप्पा. त्यांची बायको हेमावती मागच्या सीटवर आडवी होती, पाय सुजलेले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिला डायलिसिसला शहरात आणायचे. आज खड्ड्यात एक चाक वाकलं होतं. एकच डिस्क हवी होती, स्वस्तातली आणि लगेच. मंजुनाथनं ती बाजूला ठेवलेलीच गडगडत पुढं आणली.

गुरुसिद्धप्पांनी डिस्ककडे पाहिलं नाही. उत्कर्षाकडे पाहिलं. ओठाला काय लागलं म्हणून विचारलं. पडली, असं अजिंक्यनं उत्तर दिलं.

"पोरी, तू लेकरावाली हायस," म्हातारे म्हणाले. "तू सांग की. चांगली हाय का ही?"

नट आवळणारा अजिंक्यचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही. नुसता थांबला.

उत्कर्षानं रुमाल ओठावर घट्ट दाबला आणि मान हलवली. हो म्हणून.

डिस्क मागच्या डाव्या बाजूला बसली. जाताना हेमावतीबाईंनी खिडकीतून हात काढून सृष्टीच्या गालावरून फिरवला.

त्याला आता अठरा दिवस झाले. उत्कर्षाचा फोन अजिंक्यकडे असतो. तिला एकटीनं बाहेर पडता येत नाही. म्हणून हे वाचणाऱ्यालाच ती सांगते आहे. वळसंगकडे तुमचं जाणं असेल, नसलं तरी कुणी ओळखीचं तिथं असेल, तर गुरुसिद्धप्पांचं घर विचारा. मागचं डावं चाक काढायला लावा. आणि आत जाऊन हेमावतीबाई आहेत का, तेवढं बघा.