रॉकेलवरचा बर्फ

तांड्याचा नायक हरिसिंग यानं बर्फ करायच्या कपाटात हात घातला, भांड्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि ती धोतराला पुसली.

"कोमट हाये," तो म्हणाला.

ओसरीवर जमलेले पंच खो-खो हसले. फुलसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. भांड्यात बर्फ असायला हवा होता. बर्फ झाला असता तर आज इथेच गूळ वाटून त्याची आणि नायकाच्या गंगीची सगाई व्हायची होती. नायकानं चारचौघांत शब्द दिला होता, "भर उन्हायात माह्या तांड्यात बर्फ करून दाखव, पोरगी तुही. नाई जमलं, तर आल्या वाटेनं जा." गंगीला कुणी काही विचारलं नव्हतं. तशी चालही नव्हती.

फुलसिंग बोरी अरबकडच्या तांड्याचा. त्याचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले. हा पठ्ठ्या मात्र यवतमाळच्या एका तंत्रशाळेत थंडीची यंत्रं शिकला. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. थंडी शिकणारी पोरं तिथं घामानं निथळायची. थंडीची विद्या अंगी मुरायला वेळ लागला, पण शिकलेल्या माणसाची ऐट त्याला पहिल्याच महिन्यात चढली. शाळेतलं हे मोडकं फ्रिजचं कपाट त्यानं स्वतः दुरुस्त केलं, सुटीपुरतं मागून घेतलं आणि बैलगाडीत कडबा अंथरून, नवरी आणावी तसं जपत नेरजवळच्या या तांड्यात आणलं.

तांड्यात वीज नव्हती, पण हे कपाट रॉकेलवर चालायचं. तळाशी एक दिवा होता. काल सकाळी फुलसिंगनं तो पेटवला आणि तांड्याला करमणूक मिळाली.

"इस्तवानं बर्फ?" उकंडा नावाचा एक वात्रट पंच म्हणाला. "मंग चुलीवरचं दूध गोठून काहून नाई जात?"

नायकाची विधवा भावजय रामीबाई तर दिवसभर कपाटाभोवती घुटमळत होती. आईमागं गंगीला तिनंच वाढवलेलं. भाबडी बाई. "अरे, थे आग काढ," ती पुन्हा पुन्हा सांगायची. "थंड करायच्या पेटीखाली आग कोनी ठेवते का?" फुलसिंगनं तिला उत्तरही दिलं नाही. गाढवापुढे वाचली गीता, असं तो मनात म्हणाला.

ऐकून घेणारं माणूस एकच निघालं, ते म्हणजे गंगी. काकीच्या मागं उभी राहून ती बारीकसारीक विचारत राहिली.

"दिवा कायले लागते?"

"त्याच्या आचेनं नळ्यांतलं पानी उकळते, त्यातला वायू सुटून फिरते, अन् फिरता फिरता आतली गरमी ओढून नेते."

"अन् इझला तर?"

"तर सारं बंद. घडीभर थंड राह्यते, मंग बाहेरच्यासारखंच."

फुलसिंग हरखून गेला. तंत्रशाळेतल्या पोरांच्या डोक्यात जे शिरता शिरत नव्हतं, ते या पोरीला उभ्या-उभ्या कळलं. बायको असावी तर अशी! त्या भरात त्यानं पुढचंही सांगून टाकलं. नागपूरला नोकरी, कंपनीची खोली, घरातच नळ. मग विहिरीवर जायला नको, गाईंमागं रानात हिंडायला नको, होळीला तांड्यातल्या बायकांत लेंगी गायला नको. गंगी एकदम गप्प झाली. पोरगी लाजली, असं त्यानं धरून घेतलं.

आणि आज पाणी कोमट.

फुलसिंगनं गुडघे टेकून कपाटाखाली पाहिलं. दिवा विझलेला होता. टाकीत रॉकेल होतं. वात नीट खाली ओढलेली होती. हे वाऱ्याचं काम नव्हतं. त्याचं डोकंच फिरलं.

"ह्या रामीकाकीचं काम हाये, नायकजी!" तो ओरडला. "कालपासून आग काढ, आग काढ करून राह्यली. अडानी बाई, इले काय समजते यंत्रातलं? माह्या साऱ्या शिक्षनावर पानी फिरवलं इनं!"

"मी हातई नाई लावला रे बाबू," रामीबाई म्हणाली. पण तिची कालची बडबड सगळ्यांनीच ऐकली होती. पंचांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या.

हरिसिंग नायक विचारात पडला. मग म्हणाला, "घरच्याच मानसानं घात केला असन, तर पोराचा दोष नाई. दिवा पुन्हा पेटव, फुलसिंग. उद्या पाहू. अन् रामी, तू पंचाइतीची माफी माग."

फुलसिंगच्या जिवात जीव आला. रामीबाईनं ओढणीनं डोळे पुसले आणि हात जोडून पंचांपुढे वाकली.

"उठ काकी," दारातून आवाज आला. गंगी बाहेर आली आणि काकीला दंडाला धरून तिनं उभं केलं. "माफी कायची? दिवा मी इझवला."

फुलसिंगला राग नाही आला, कीवच आली. मास्तरानं हुशार पोराची चूक सांभाळून घ्यावी तशा सुरात तो म्हणाला, "इसरली का तू? दिवा इझला का थंडी बंद, सांगतलं होतं ना तुले?"

"नाई इसरली," गंगी म्हणाली. "मले नागपूरले नाई जायचं. काकीले काहून बोलता? तिले तुमचं यंत्र समजलंच नाई. मले समजलं."