कोपरभर जागा

बाबांनी जेवणाच्या टेबलाचा तुकडा करवतीनं उतरवला, तेव्हा आत सूप नुकतंच रटरटायला लागलं होतं. खिडकीतून आलेल्या उन्हात भुसा तरंगत होता. खाली बसायची त्याला काही घाई नव्हती.

आई पळी घेऊनच बाहेर आली आणि बघतच राहिली.

"अहो, संध्याकाळी माणसं जेवायला यायचीत आणि तुम्ही टेबल कापून बसलात?"

"माणसं कसली? आपल्याच पोरी."

पोरी दोन. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघींनी जिवापाड जपला होता. मागच्या खेपेला आल्या त्या या टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. मीठसुद्धा थोरलीकडून आईकडे, आईकडून बाबांकडे, असं गावभर फिरून धाकटीपर्यंत पोचलं. आठ माणसांचं टेबल. बाबांनी स्वतःच्या हातानं, हौसेनं केलेलं.

"चांगल्या लाकडाचा सत्यानाश केलात," आई म्हणाली. "आणि एवढं करून नाहीच बोलल्या तर?"

"तर जवळ बसून गप्प राहतील. लांब बसून गप्प राहण्यापेक्षा बरं."

आई सूप ढवळायला गेली.

बाबांनी कापलेल्या बाजूचे दोन्ही पाय आत घेऊन पुन्हा ठोकले. कापलेली कड घासून घासून मऊ केली. एका बाजूला दोन खुर्च्या लावल्या, समोर दोन. लेकींच्या खुर्च्यांमध्ये आता हातही जाईना. त्यातल्याच एकीवर ते टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. ताज्या लाकडाचा वास येत होता, त्यात सुपाचा वास मिसळला होता. कुठेतरी दोन वेण्या एकाच बशीवर वाकल्या होत्या. मोठा बटाटा कुणाचा, यावरून वाद चालला होता. शब्द कळत नव्हते. शेजारच्या घरातला रेडिओ लागावा तशी नुसती गुणगुण येत होती. डोळे उघडले तर ती बंद होईल, म्हणून बाबा तसेच बसून राहिले. त्यांना फार बरं वाटत होतं.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आई टेबल मांडत होती. जुनी पांढरी चादर आता मोठी पडत होती, म्हणून तिनं ती दुहेरी घातली होती. थोरलीची बशी डावीकडे, धाकटीची उजवीकडे.

"अगं, चुकलीस," बाबा म्हणाले.

धाकटी डावरी. लहानपणी जेवताना दोघींची कोपरं एकमेकींना लागायची आणि रोज घर डोक्यावर घेतलं जायचं. म्हणून आईनंच धाकटीला कायमचं डाव्या टोकाला बसवलं होतं. तेव्हापासून जेवणं शांततेत व्हायची.

"कोण कुठे बसतं ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिनं धाकटीचा चमचा बशीच्या डाव्या बाजूला ठेवला, थोरलीच्या चमच्याला जवळजवळ लागून. "तुम्ही तुमचं काम केलंत. आता मला माझं करू द्या."

दिवे लागले आणि दोघी आल्या. एक आधी, एक नंतर. टेबल बघून दोघीही दारात थबकल्या, पण आईनं मांडलेली बशी हलवायची छाती त्या घरात कुणाचीच नव्हती. दोघी अंग चोरून बसल्या. सूप वाढलं. आई आणि बाबा मान खाली घालून जेवत होते.

मग कोपर लागलंच. पांढऱ्या चादरीवर सुपाचा थेंब पडला.

"कोपर काढ," थोरली बशीकडे बघतच पुटपुटली.

बाबांचा चमचा हवेतच राहिला.

धाकटीनं कोपर काढलं नाही. थोरलीनंही आपलं सरकवलं नाही.