चाळिसावं दार

सोसायटीतल्या सदतीस जणांची कृत्रिम हृदयं एकाच वायफायवर चालायची आणि त्या वायफायची राखण हेमलता कुंभोजकरकडे होती. शनिवारी यादी तपासताना तिला बिननावाचं एक यंत्र जोडलेलं दिसलं. मागच्या गल्लीत असंच कुणीतरी शिरून तीन हृदयं बंद पाडून गेलं होतं.

आधी घरोघरी विचारायचं आणि मगच बंदी घालायची, असा नियम होता. तिने एकोणचाळीस दारं वाजवली. कुणाचंच नव्हतं. चाळिसावं दार तिचं स्वतःचं होतं.

तिने बंदी घातली. यंत्र पुन्हा पुन्हा जोडणी मागू लागलं. आधी भराभर, मग थांबत थांबत, मग नाहीच.

"दमला एकदाचा," ती म्हणाली. "बाबा, चहा टाकू का?"

आतून उत्तर यायच्या आधी मिरजेहून डॉक्टरांचा फोन आला.

"तुमच्या वडिलांच्या नव्या हृदयाचा संपर्क तुटलाय. तुम्हाला घोर नको म्हणून ते भाचीकडे जातो सांगून इथे दाखल झाले होते, परवाच त्यांना घरी सोडलं. अजून सांगितलं नाही का त्यांनी?"

तिने बंदी उठवली आणि स्क्रीनकडे बघत राहिली. जोडणी कुणीच मागितली नाही.