कोरडे हात

न्हाणीवाल्या मावशीने दोन्ही हात पाठीमागे नेले, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"अशाच राहा," नर्सबाई म्हणाल्या. "गेल्या खेपेसारखं करू नका."

गेल्या खेपेला बाळ जरासं रडलं मात्र, मावशीचा हात मध्ये गेला. तिचं तिला कळायच्या आत बाळ न्हाऊन, पुसून, गुंडाळून तयार! एकट्या पडलेल्या आयांच्या त्या घरात ती रोज सकाळी आपणहून यायची आणि सगळी बाळं तिच्या हातात गप्प व्हायची. पण त्या दिवशी परीक्षा धाकटीची होती. धाकटी म्हणजे घरातली सगळ्यात लहान आई. बाळाचं सगळं एकटीने जमलं की आईला वेगळी खोली मिळे, बाळ तिच्या कुशीत झोपे. तोवर ते खालच्या दालनात, पाळण्यांच्या रांगेत. नर्सबाईंनी 'पुन्हा बघू' असं लिहिलं आणि धाकटी आठ दिवस मावशीशी बोलली नाही.

ते आठ दिवस मावशीने देवाला हात जोडले. आधी म्हणायची, 'देवा, पोरीला बळ दे.' चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं. पोरीच्या अंगात बळ होतंच की! मग ती म्हणायला लागली, 'देवा, माझे हात धर.'

धाकटीने टबात कोपर बुडवून पाणी पाहिलं. थोडं गार ओतलं, पुन्हा पाहिलं. मग तिने बाळाला दोन्ही हातांनी उचललं.

"मान धर, मान..."

"मावशी, तोंडही बांधू का?" नर्सबाईंनी विचारलं.

मावशीने ओठ मिटले.

साबण लागला तसं बाळ निसटलं. पाणी हनुवटीपर्यंत आलं. मावशीचं मनगट सुटू पाहत होतं, त्यात तिचीच नखं रुतली. 'धर रे देवा, धर!'

धाकटीचा तळवा बाळाच्या काखेखाली सरकला. बाळ वर आलं, ठसकलं आणि त्याने भोकाड पसरलं. धाकटीने मावशीकडे पाहिलं. मावशी जागची हलली नाही.

"काय रे लबाडा," धाकटी बाळाला म्हणाली, "पळतोस कुठे? मी आहे ना!"

आवाज कुठून आला ते बाळ शोधू लागलं. रडं हुंदक्यावर आलं. धाकटीने कानामागे धुतलं, मानेच्या वळ्या धुतल्या. मग मिटलेली मूठ हलकेच उघडून आतली कापसाची लव काढली. ते मावशीच्याही कधी लक्षात राहत नसे.

"मावशी, नुसत्या उभ्या काय? टॉवेल द्या ना!"

आठ दिवसांनी पोर बोलली, तीही हुकूम सोडत. मावशीने टॉवेल दिला. नर्सबाईंनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

दुसरी आई सवयीने आपलं बाळ मावशीपुढे घेऊन आली. मावशीचे हात पुन्हा पाठीमागे गेले.

"तूच घाल. मी आहे इथे."

दुपारी घरी निघताना फाटकावरच्या बाईने रोजच्यासारखं विचारलं, "काय मावशी, आज किती आंघोळी घातल्या?"

"एकही नाही."

"अगंबाई! मग आलात कशाला?"

सोन्याच्या बांगड्या दाखवाव्यात तसे मावशीने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. कोरडे ठणठणीत. उजव्या मनगटावर नखांच्या चार खुणा.